गोदीजवळचं घर

रजिस्ट्री कचेरीत कालिंदीबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारी करमाडचे तात्यासाहेब आणि त्यांच्या पत्नी आवडाबाई येऊन टेकले. मुंबईत मुलाला घर घ्यायचं म्हणून दोघं रान विकायला आले होते, एवढं कालिंदीबाईंना लगेच कळलं. पुढचं मात्र त्यांना नीट उमजेना.

"माझगावला गोदीच्या शेजारी हाय घर. खिडकीतून जहाजं दिसत्यात," तात्यासाहेब म्हणाले.

"पाण्यात पाय घालता येतो का पर?"

"नाय. मधी गोदीची भिंत हाय. आत जाऊ देत नाय."

"मग समुद्र काय कामाचा?"

"बघायला."

"बरं. आपण झोपायचं कुठं?"

"घरातच की."

"अवो, कोणत्या खोलीत? एक त्या दोघांची, एक नातीची."

"तिसरी... तिसरी हाय का नाय, इचारलंच नाय बघ."

"लावा फोन."

तात्यासाहेबांनी मुलाला फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि ठेवला.

"काय म्हनला?"

"हॉल लई मोठा हाय म्हनतो."

"आन् खोली?"

"हॉलच लई मोठा हाय म्हनतो."

आतून तात्यासाहेबांच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले, बसले, पुन्हा उठले. कालिंदीबाईंनी पाय आखडून त्यांना वाट करून दिली. पण आवडाबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं होतं.

"साहेब, मागच्यांना घ्या," त्या दाराकडं बघून म्हणाल्या. "आमचं अजून ठरायचंय."