नियम सातवा आणि माझ्या घराचे दार

नाव: सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय: ७१ वर्षे. शिक्षण: बी.ए. धंदा: टेलिफोन कार्यालयातून निवृत्त पर्यवेक्षक, गेली नऊ वर्षे रहिवासी मंडळाची बिनपगारी सेक्रेटरी. राहणार: पाण्याच्या जुन्या टाकीमागची वसाहत, दुसरी इमारत, पहिला मजला, जिन्यालगतचे घर.

मी कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी तेवीस वर्षे एकटी राहते. वसाहतीत मला सेक्रेटरीबाई म्हणतात. माघारी फूटपट्टी म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

माझ्या यादीत वसाहतीतील एकटी राहणारी चौदा माणसे आहेत. प्रत्येकाच्या दाराबाहेर खिळ्याला लाकडी पाटी असते, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी. निजताना लाल बाजू पुढे करायची, सकाळी उठल्यावर पांढरी. आठ वाजता मंडळाचे स्वयंसेवक फेरी मारतात. पाटी लाल दिसली की दार ठोठावतात. सव्वाआठला खालच्या बाकावर मी फेरीची वही तपासते. या पाट्या चार वर्षांपूर्वी आमच्याच वसाहतीतील सुतारांनी, वय ६०, उरलेल्या फळ्यांतून करून दिल्या. माझ्यासाठीही त्यांनी एक केली होती. यादी करणारीने यादीत कशाला बसायचे, असे सांगून मी ती परत केली.

फेरीचे नऊ नियम मी लिहिले आहेत. सातवा असा: सेक्रेटरीच्या लेखी परवानगीशिवाय कोणाचेही दार फोडू नये. दोन वर्षांपूर्वी स्वयंसेवकांनी एका गृहस्थांचे दार फोडले, तेव्हा ते अंगाला साबण लावून गाणे म्हणत होते. त्यानंतर हा नियम झाला. परवानगीचा छापील फॉर्म आहे.

या महिन्याच्या ४ तारखेस, मंगळवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी गॅसवर पाण्याचे पातेले ठेवून न्हाणीघरात गेले आणि पाय घसरून पडले. डावा पाय घोट्यात मोडला. उठता येईना. हाका मारल्या का, असे हवालदारांनी विचारले. पहिला अर्धा तास मारल्या नाहीत. आपले आपण उठू, असे वाटले. नंतर मारल्या, पण कोणी ऐकले नाही आणि आठपर्यंत घसा बसला. पातेल्यातले पाणी आटले. सात वाजल्यापासून जळका वास येऊ लागला, मग धूर दिसू लागला.

न्हाणीघर मुख्य दाराला लागून आहे. पस्तीस वर्षे मी कानाने नोकरी केली. दाराबाहेरचे बोलणे मला शब्दन् शब्द ऐकू आले. आठ वीसला तिघे स्वयंसेवक आले: सुतार, बसचे निवृत्त कंडक्टर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई.

कंडक्टर म्हणाले, "फूटपट्टी पाच मिनिटं लेट? नऊ वर्षांत झालं नाही. काहीतरी बिनसलंय."

नर्सताईंकडे माझी दुसरी किल्ली असते. त्यांनी कुलूप उघडले, पण आतून मी दोन कड्या आणि साखळी लावते. "धुराचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "फोडा दार."

"सातवा नियम आहे," कंडक्टर म्हणाले. "सेक्रेटरीची लेखी परवानगी."

"अहो, सेक्रेटरी आत आहेत!"

"म्हणून तर म्हणतो. परवानगी बाहेरून कोण देणार?"

त्यानंतर दाराखालून कागद सरकल्याचा आवाज आला. कंडक्टर मोठ्याने म्हणाले, "बाई, फॉर्म आत टाकलाय. जमलं तर सही करा. पेनही टाकलंय."

तेव्हा सुतार म्हणाले, "शाबास! सही करायला उठता आलं असतं तर त्यांनी दारच नसतं का उघडलं? सरका तिकडं."

"बाई ओरडतील हो."

"ओरडू देत की. ओरडायला उठल्या म्हणजे मिळवली."

पुढच्या दोन मिनिटांत पहारीने चौकट उचकटून दार उघडले. ते दार सुतारांनीच सहा वर्षांपूर्वी घडवून बसवले होते. त्या वेळी पसंत पडेना म्हणून मी त्यांच्याकडून तीनदा रंधा मारून घेतला होता. तेही या जबाबात असावे.

कंडक्टरांनी गॅस बंद केला. नर्सताईंनी पाय फळीला बांधला. माझे मनगट सुजले होते म्हणून त्यांनी हातातले घड्याळ काढून सुतारांच्या खिशात ठेवायला दिले.  जिन्यावरून उतरताना सुतार "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते, ते इतरांना.

माझा भाचा ६ तारखेस परगावाहून आला. त्याने उचकटलेली चौकट पाहिली. घड्याळ कुठे, असे विचारल्यावर सुतार म्हणाले, "माझ्याकडं आहे. बाईंच्याच हातात देईन." भाच्याने ७ तारखेस घरफोडी आणि चोरीची तक्रार दिली. भाचा वाईट नाही. तो लांब राहतो, आणि घाबरलेला माणूस आधी रागावतो. "मावशी, कोणावर इतका विश्वास बरा नव्हे," असे तो मला म्हणाला. दाराला दोन कड्या नि साखळी लावणाऱ्या बाईला हे सांगण्याचे कारण नव्हते, असे मी त्याला उत्तर दिले. त्याच्या तक्रारीशी मी सहमत नाही.

८ तारखेस भेटीच्या वेळेत सुतारांनी घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिले. ते किल्लीचे आहे, रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. मी दवाखान्यातल्या घड्याळाशी पडताळून पाहिले. वेळ बरोबर होती.

घरातील एकही वस्तू गेलेली नाही. पातेले गेले, ते मी जाळले.

सुतारांची पहार, हातोडा आणि दोन पटाश्या ७ तारखेपासून ठाण्यात जप्त आहेत. आठ दिवस ते उसन्या अवजारांवर काम करत आहेत आणि तीनदा त्यांना इथे बोलावले गेले आहे. अवजारे आजच परत मिळावीत, अशी माझी मागणी आहे. ती घेतल्याशिवाय मी जाणार नाही. तशी मला घाईही नाही. ठाण्याच्या पायऱ्या मी खुर्चीसकट नर्सताई आणि कंडक्टर यांच्या हातांवर चढून आले, उतरणेही त्यांच्याच सवडीने होईल.

दाराखालून सरकवलेला फॉर्म मला परवा घरी परतल्यावर पायपुसण्याखाली सापडला. तो भरून, सही करून या जबाबास जोडत आहे. मागची तारीख घालणे मला मान्य नाही, म्हणून आजचीच, १५ तारीख घातली आहे. परवानगी ४ तारखेच्या सकाळी सहा दहापासून समजावी. 'दार फोडण्याचे कारण' या रकान्यात मी 'मी आत होते' एवढेच लिहिले आहे. सातवा नियम मी कालच्या सभेत रद्द केला. यादीत आता पंधरा नावे आहेत. पंधरावी पाटी सुतारांनी चार वर्षे कपाटावर जपून ठेवली होती, असे कळले.

आणखी काही सांगायचे आहे का, असे हवालदारांनी विचारले. नऊ वर्षांत मी कोणाही स्वयंसेवकाचे आभार मानलेले नाहीत. काम म्हणजे काम, असे माझे मत होते. ते बदलले आहे, असे लिहावे.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. पहिल्यांदा ते पुटपुटल्यासारखे वाचत होते. सुतार बाहेरच्या बाकावर बसले आहेत, म्हणून मी खोलीचे दार उघडायला लावले आणि सगळा जबाब पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाचून घेतला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.