चिखलावरचा पाट

माझं माहेर मुरबाडच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, आन् दिलं मला आटगावच्या पल्याड. दोन्हीकडं भातच, म्हणून पाय चिखलातले चिखलातच राहिले. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं वाचायला मी पोरांच्या पुस्तकांवरून शिकले, ते पण चुलीपुढं. तुमी लिहून घेताय ते बरं, मी बोलते लई आन् लिहिते कमी.

तर आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या आधी रोप उपटायचं म्हणजे काय सांगू तुमाला, दिवसभर उकिडवं बसायचं, मूठ उपटायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, की सरकायचं पुढं. आमची सावड हाय, आज सगळ्या बाया माझ्या शेतात, उद्या दुसरीच्या. माझी धाकटी जाऊ चंद्रा, तिचे गुडघे असे धरले की उठवायला दोघी लागायच्या. तिला बघूनच मला सुचलं. फुटका निळा ड्रम पडला होता, तो उभा चिरला, वर फळी ठोकली, पुढचं टोक होडीगत उचललेलं. बसल्या बसल्या चिखलावर सरकतो असा पाट झाला. बाजूला लोखंडी फणी, तिच्यावर मूठ आपटली की चिखल गळतो. ती फणी चंद्राची अक्कल हो, माझी नाय. परसात पाणी सोडून दोघींनी बसून बघितलं आन् पोरींगत हसलो.

माझी सून रेश्मा आसनगावला कंपनीत जाते. ती म्हणाली, आई, हा बाहेर काढू नका, आधी पेटंटचा अर्ज टाकू. मी म्हटलं, ते काय असतं गो. तर म्हणे, ही वस्तू तुमच्या डोक्यातून आली याची सरकारात नोंद, नायतर एकदा चारचौघांनी बघितली की मागून हक्क सांगता येत नाय. कल्याणच्या एका वकिलाला विचारलं, त्याची फी ऐकून परत फोनच केला नाय. मग तिनंच मोबाइलवर हुडकलं, कच्चा अर्ज आधी टाकायचा, तो आपला आपण लिहिता येतो, पक्का करायला वर्ष मिळतं.

मी सांगायची, ती लिहायची. मी म्हटलं लांबी पाच विती, ती म्हणे त्यांना तुमची वीत कुठं ठाऊक, टेप आणा. मी म्हटलं ड्रमाचा हाय तर ड्रम लिही, ती म्हणे उद्या कोणी पत्र्याचा केला मग? म्हणून पत्रा, लाकूड, फणी डावीकडं, फणी उजवीकडं, जमेल ते सगळं लिहिलं, चित्र काढलं. शोध कोणाचा तिथं चंद्राचं पण नाव घातलं, तिनं पण सही केली. ऑनलाइनला सहीचं काय वेगळं लागतं, त्याला परत खर्च, म्हणून कागदच मुंबईच्या कचेरीत न्यायचे ठरले. पण रेश्माला रजा मिळंना.

आन् इकडं रोप हाताला आलं. आमच्यात नवी वस्तू आधी सावडीत फिरते, कोयता असो का सूप. माझा पाट पोत्याखाली. बायांना वास लागलाच. एक म्हणाली, बाय, पोत्याखाली अंडी उबवतेस काय गो? सगळ्या हसल्या, मी पण हसले, पण मेलं टोचलं. आन् चंद्रा बांधाला हात टेकून टेकून सरकत होती, ते बघवंना. दुपारी मी उठलेच, म्हटलं आणते पाट, जळो तो अर्ज. तिनं माझा पदर धरला. म्हणाली,

बाय, बस खाली. इतकी वर्षं गुडघे झिजले ते फुकट गेले, हे नको जायला.

बसले. काय करणार.

रजा मिळाली त्या दिवशी रेश्मा पहाटेच गेली, कचेरीत कागद दिले, पावती घेतली, अर्जाला नंबर पडला. तिथूनच फोन केला. मी पाट डोक्यावर घेतला न् तशीच शेतात. आधी चंद्राला बसवलं. ती सरकली पुढं, तशी ती अंडीवाली म्हणते, सरक गो बाय, आता मला बसू दे. सांजच्याला चंद्रा कोणाचा हात न धरता उठली, मी बघितलं.

आता मुरबाडच्या लोहाराकडून फणी नीट बनवून घेतोय, पक्का अर्ज लिहायला रेश्मा बसलीय. पेटंट मिळंल का नाय ते देवाला ठाऊक, मिळंल असं माझं मन सांगतं. तुमच्या पण हाताला यश येवो बाबा. पाट बघायचाय म्हणता? तो घरात कुठं असतो आता, सावडीत फिरतोय. चला, कोणाच्या शेतात हाय ते हुडकू.