सापगावच्या वळणावरचा देव

सरकारी काम कसं करून घ्यावं, ते आमच्या दामूकाकांकडून शिकावं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. सापगावच्या पुढं रस्त्याला एक वाईट वळण होतं. समोरून मोटार आली की बैल बुजायचे आणि गाडी थेट नाल्यात. वळण काढा म्हणून काकांनी रस्ते बघणाऱ्या लोकल बोर्डाला सात अर्ज केले. सातव्या अर्जानंतर बोर्डानं सभा घेतली आणि धोक्याची खूण म्हणून वळणावरचा एक दगड लाल रंगवला.

आठ दिवसांत त्या दगडापुढं नारळ फुटायला लागले. गाडीवाले भर रस्त्यात गाड्या थांबवून पाया पडायचे, मागं मोटारी खोळंबायच्या. पुन्हा सभा भरली. काका आणि मी मागं बसलो होतो.

अध्यक्ष कडाडले, "तो दगड उचलून फेका!"

ओव्हरसियर म्हणाला, "साहेब, मजूर हात लावत नाहीत."

"मग तुम्ही लावा."

"घरी बायको गरोदर आहे, साहेब. त्यापेक्षा आपणच..."

अध्यक्षांनी सभासदांकडे पाहिलं. सभासद आढ्याकडे पाहू लागले. शेवटी एकमतानं ठराव झाला: दगड आहे तिथंच राहील, रस्ता पलीकडून सरळ न्यावा.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, देव पावला की तुमाला!"

"पावंल नाय तर काय! पयला नारळ मीच फोडलेला," काका म्हणाले. "बोर्ड माणसाला भीत नाय रे, देवाला भितं."