कुंदाताईचं रिव्हॉल्व्हर

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा वाटेल, पण सोपा नाही. एखादी सालस बाई, मुंगीलासुद्धा ओलांडून जाणारी, दुकानात जाऊन रिव्हॉल्व्हर मागते. पाप कुणाचं? तिचं? विकणाऱ्याचं? का आणखी कुणाचं?

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. हसा. बुवांनी आज देव सोडून बंदूक धरली म्हणता ना? धरली. भक्ताच्या घरात भीती शिरली की देवाला आधी तिलाच बाहेरची वाट दाखवावी लागते. तेव्हा ऐका.

निमोणवाडी नावाचं गाव. गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून कुंदा घोलपची रोपवाटिका, तिथंच घर. मिरची, टोमॅटो, फ्लॉवर. ट्रेमध्ये बोटभर रोपं, वर हिरवी जाळी. नवरा शरद हृदयाच्या झटक्यानं गेला तेव्हा मुलगी स्नेहल अंगणवाडीत होती. लोक म्हणाले, आता ही माहेरी जाईल. ती गेली नाही. दहाव्याचा विधीही व्हायचा होता आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच ती जाळीखाली रोपांना पाणी घालत होती. कारण रोपाला सुतक कळत नाही, मंडळी. त्याला तहान कळते.

घरात सासू, यमुनाबाई. कुंदा तिला आत्याबाई म्हणायची. दोघींचं बरं होतं. आता 'बरं' म्हणजे काय, ते समोर बसलेल्या सासवा-सुनांना मी सांगायला नको. भांडण व्हायचं ते मिठावरून, आणि मिटायचं चहावर.

यमुनाबाईंचा धाकटा मुलगा दिगंबर गावात वेगळा राहायचा. वडिलांनी हयातीतच वाटणी करून दिली होती. पण पुढं रस्ता रुंद झाला, कडेच्या जागेला भाव आला, आणि दिगंबरच्या मनानं घेतलं की भाऊ गेला म्हणजे भावाची जागा आपल्याकडं आली. वहिनी काय, परक्या घरची.

आधी बोलून झालं. मग एका सकाळी जाळी फाटलेली सापडली. मग पाण्याचा पाइप कापलेला. एकदा तो भर दुपारी कोयता घेऊन आला आणि कामावरच्या बायकांसमोर कुंदाला म्हणाला, पाडव्याच्या आत जागा सोड, नाहीतर इथंच पुरीन. यमुनाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सगळं समोर घडलं.

कुंदानं तक्रार दिली. हवालदार आले, कामावरच्या बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही जाळीखाली होतो. समोर पंक्चरवाला अन्वर होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, मी टायरमध्ये डोकं घातलेलं. मग यमुनाबाईंना विचारलं. त्यांनी लसणाच्या सालीकडं बघत सांगितलं, "मला काही दिसलं नाही."

हवालदार काय करणार? घरगुती वाद म्हणून नोंद केली, समज दिली, गेले.

आता तुम्ही म्हणाल, कसली ही म्हातारी. थांबा. घाईनं दगड उचलू नका. पोटचं पोर आहे ते. एक गेलं, एक उरलं. जे उरलं त्याच्या हातात कोयता आहे हे आईनं आपल्याच तोंडानं सांगायचं? जीभ जड होते, मंडळी. देवसुद्धा समजून घेईल अशी जड होते.

पण पुढं काय झालं ते ऐका. स्नेहल आता तिसरीत होती. शाळा सुटून येताना दिगंबरनं तिला वाटेत अडवलं. हात लावला नाही. नुसता खाली बसला, तिच्या दप्तराचा पट्टा नीट केला आणि म्हणाला, आईला सांग, काका विचारत होता, तुला विहिरीची भीती वाटते का.

पोरगी घरी आली आणि जेवली नाही. आईला जसंच्या तसं सांगून टाकलं, आणि शाळेला जायचं नाही म्हणाली.

त्या दिवशी कुंदानं ठरवलं. जिल्ह्याला जाऊन परवान्याचा अर्ज केला. चौकशा झाल्या, हेलपाटे झाले. रायफल क्लबात जाऊन बंदूक धरायला शिकली. पहिल्या बारालाच रडली म्हणतात, पण शिकली. आधीच्या तक्रारीची नोंद होती, घर गावाबाहेर एकटं होतं. अखेर परवाना मिळाला. गावात कुणी म्हणालं, बाईला मस्ती आली. ज्यांना दिवसा काही दिसलं नव्हतं ना, त्यांना हे बरोबर दिसलं!

नाशिकला दुकानात जायचं ठरलं तेव्हा यमुनाबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या. म्हणाल्या, मी पण येते. कुंदाला वाटलं, ही अडवायला येतेय. पण नको तरी कसं म्हणणार? स्नेहलला मावशीकडं ठेवलं आणि दोघी एसटीत बसल्या. 

दुकानदार मोहिते नावाचे, वयस्क गृहस्थ. त्यांनी परवाना तपासला, चार-पाच हत्यारं काचेवर ठेवली. एक चांगलं होतं, पण महाग आणि जड. कुंदाची नजर एका लहानशा रिव्हॉल्व्हरवर गेली. साधं, स्वस्तातलं, आखूड नळीचं. हातात घेतलं तर तिच्या मुठीत बसलं. ती म्हणाली, हेच द्या.

मोहित्यांनी लगेच पावती फाडली नाही. म्हणाले, ताई, स्वस्त आहे म्हणून वाईट नाही, चालतं नीट. पण हलकं आहे, म्हणून बार काढला की हातात उसळतं. नळी आखूड, तेव्हा खोलीभर अंतरावरच भरवसा. सराव सोडून चालणार नाही. घरात लहान कुणी आहे का? कुंदानं मुलगी आहे म्हणून सांगितलं. मग कुलपात ठेवावं लागेल, ते म्हणाले. आणि कुलपात ठेवलं की वेळेला हाताशी असेलच असं नाही. उशाशी ठेवलं तर पोरगी आहे. याला उत्तर माझ्याकडं नाही, ते तुम्हीच काढायचं.

कुंदा ऐकत होती आणि रिव्हॉल्व्हर खाली ठेवत नव्हती. तिला ते सोडवेना. किती दिवसांनी हातात काहीतरी आलं होतं, ज्याला धरून उभं राहता येईल. मंडळी, ज्याच्या घरावर कोयता चालून आलेला नाही त्यानं या बाईला नावं ठेवू नयेत. मी ठेवणार नाही.

इतका वेळ बाकावर बसलेल्या यमुनाबाई उठल्या. काचेजवळ आल्या. विचारलं, "हे नुसतं भीती दाखवायला चालतं का हो?"

"नाही आजी," मोहिते म्हणाले. "दाखवायला म्हणून काढूच नये. काढलं तर चालवायची तयारी पाहिजे. नाहीतर समोरचा हिसकावून घेतो."

"आणि पायावर मारली तर? जीव न जाता?"

"आपला हात कापत असतो. समोरचा अंगावर येत असतो. कुठं लागेल ते कुणाच्या हातात नाही."

मोहित्यांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी हळूच विचारलं, त्रास देणारा कोण आहे?

कुंदानं मान खाली घातली. सासूसमोर ते नाव तिच्या तोंडून निघेना.

यमुनाबाई म्हणाल्या, "माझा मुलगा."

मोहित्यांनी कुंदाच्या हातातून अलगद ते रिव्हॉल्व्हर घेतलं आणि म्हणाले, तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. परवान्याची मुदत अजून शिल्लक आहे. विचार करून या.

बाहेर रसवंतीच्या सावलीत दोघी थांबल्या. आणि इतके दिवस दाबलेला कुंदाचा राग बाहेर आला. "तुम्ही मला अडवायलाच आलात, आत्याबाई. त्याच्यासाठी आलात."

"नाही गं," यमुनाबाई म्हणाल्या. "तुला अडवायचा हक्क माझा मी घालवला. हवालदारापुढं मला काही दिसलं नाही म्हणाले, त्याच दिवशी. त्या दिवशी मी बोलले असते तर तुला इथं यावं लागलं नसतं." मग म्हणाल्या, "तुझी गोळी त्याला लागली काय, त्याचा कोयता तुला लागला काय, मढं माझ्याच दारात. मला एकदा ठाण्यात बोलून बघू दे. नाही भागलं, तर मीच तुझ्याबरोबर परत येते आणि हे घेऊ. देवाची शपथ."

कुंदानं विचारलं, ठाण्यात गेल्यावर जीभ वळेल का? यमुनाबाई म्हणाल्या, माहीत नाही. चल.

एसटीतून उतरून दोघी घरी गेल्या नाहीत, थेट ठाण्यात गेल्या. यमुनाबाईंनी कोयत्याचं सांगितलं, पाइपाचं सांगितलं, आणि नातीला विहिरीचं काय बोलला तेही सांगितलं. फौजदारांनी समजावलं, आजी, याच्यावर सही केलीत तर मुलाला आत जावं लागेल. यमुनाबाईंनी जबाब सगळा वाचून घेतला. वाकडीतिकडी सही केली. ठाण्यात रडल्या नाहीत. घरी येऊन चुलीपुढं बसल्या तेव्हा रडल्या, आणि कुंदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

दिगंबरला अटक झाली. गावात लोक म्हणाले, कसली आई ही! पण दुसरंही एक झालं. पंक्चरवाला अन्वर आपल्या पायांनी ठाण्यात गेला. म्हणाला, साहेब, त्या दिवशी टायरमध्ये डोकं होतं, पण डोळे बाहेर होते. कामावरच्या दोघी गेल्या. आई बोलली म्हटल्यावर बाकीच्यांना गप्प बसायला कारणच उरलं नाही.

पुढं दिगंबर जामिनावर सुटला. रोपवाटिकेच्या आसपास फिरकायचं नाही अशी अट होती, तरी एका दुपारी कुंपणाशी येऊन उभा राहिला. रिकाम्या हातानं. यमुनाबाई बाहेर गेल्या. मागोमाग कुंदा, जाळीखालच्या बायका, रस्त्यापलीकडून अन्वर. नुसते उभे राहिले.

तो म्हणाला, "आई, तू मला कोठडी दाखवलीस."

"दाखवली," त्या म्हणाल्या. "ही कुंदा तुला गोळी घालणार होती. आणि मला तिला नको म्हणायला तोंड नव्हतं."

त्यानं वहिनीकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. बहुधा त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आपण या बाईला कुठपर्यंत आणून सोडलं होतं. तो वळला आणि गेला.

सगळं गोड झालं असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. जागेचा दावा अजून कोर्टात चालू आहे. दिगंबर चाकणला कामाला लागला. पहिल्या दिवाळीला आई फराळाचा डबा घेऊन गेली, त्यानं दार उघडलं नाही. पुढच्या दिवाळीला उघडलं. बोलला नाही, पण डबा घेतला. कुंदानं रिव्हॉल्व्हर घेतलं नाही. आपण बरोबर केलं का, हे तिला आजही ठाऊक नाही. ती म्हणते, आत्याबाई बोलल्या नसत्या तर मी घेतलंच असतं, आणि मला दोष द्यायला कुणाचं तोंड राहिलं असतं?

कुणाचं राहिलं असतं, मंडळी? माझं तरी नाही.

पाप कुणाचं, असं मी विचारलं होतं. तुमच्या मनात उत्तर आलंय, आणि ते बोचतंय, म्हणून काहीजण चुळबुळ करतायत. तुमच्याही आळीत एखादं घर असेल, जिथून दुपारी ओरडण्याचा आवाज येतो आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. तिथल्या बाईनं उद्या हातात हत्यार घेतलं, तर कलियुग आलं म्हणू नका. तुम्ही आधी काय पाहिलं होतं आणि काय सांगितलं नव्हतं, तेवढं आठवा.

देवाचं नाव घेणारी जीभ तीच, आणि साक्ष देणारी जीभही तीच. एकीकडं मोकळी आणि दुसरीकडं बांधलेली, असं त्याच्या दरबारात चालत नाही. उद्या सकाळी त्या घराच्या दारात जा. फार काही बोलू नका. एवढंच म्हणा, बाई, मला दिसलं होतं.