न विसळलेलं पातेलं

नको, नको, थांबा – त्या दाराला हात लावू नका, शामराव, ते अजून पुसून व्हायचंय. किल्ली देणारच आहे मी, किल्ली कुठे पळून चालली? श्रावणीने साडेदहाला निघायला सांगितलं, मान्य – पण अशी धुळीने भरलेली गाडी तिच्या दारात उभी केली, तर ती आईला काय म्हणेल? म्हणेल, बघ, बाबांचं गाडीकडेसुद्धा लक्ष नाही. ‘सुद्धा’ म्हणेल. माझी मुलगी आहे, मला तिचे शब्द ठाऊक आहेत. म्हणून म्हणतो, अर्धा तास. फार तर चाळीस मिनिटं. बसा त्या स्टुलावर. तुम्हाला मराठी समजते ना? हिंदीतच उत्तर द्या, काही हरकत नाही, इथे रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझे सख्खे पुतणेही हिंदीतच उत्तर देतात.

पाईप? पाईप कशाला? हेच – सगळे हेच विचारतात. पाईप नाही, फेस नाही, अंगणात चिखल नाही. ही एक बादली, हे दहा टॉवेल, बस. ह्या बाटलीतलं औषध पाण्यात टाकायचं – आठ लिटरला बत्तीस मिली, बत्तीस म्हणजे बत्तीस, अंदाजाने ओतायचं नाही – टॉवेल बुडवायचा, घडी घालायची, घडीवर घडी, म्हणजे आठ बाजू होतात, आणि एक बाजू एकदाच फिरवायची. धूळ त्या द्रावणात गुरफटून टॉवेलमध्ये येते, रंगावर ओरखडा पडत नाही. मग लगेच कोरड्या टॉवेलने टिपून घ्यायचं. विसळायची गरजच नाही. जावयाने आणून दिली बाटली, अनिमेषने. मला आधी पटलं नव्हतं. मी म्हटलं, न विसळता स्वच्छ? चाळीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, माणूस सहज विश्वास ठेवत नाही. मग पॉलिमरचं वाचलं, रात्री जागून वाचलं, आणि पटलं. आता मला दुसरं काही चालत नाही.

पाणी मात्र शुद्ध पाहिजे. आमच्या बोअरचं चालत नाही – टीडीएस साडेसहाशे, म्हणजे क्षारच क्षार, वाळलं की पांढरे ठिपके. आणि वरून ही कारखान्यांची काळी धूळ, सकाळी पुसा की संध्याकाळी पुन्हा काजळी. म्हणून जारचं पाणी घेतो. हे मीटर बघा – बुडवा, बुडवा – अठरा. दिसलं? अठरा. माणसं पितात तेच पाणी. श्रावणी म्हणते, बाबा, लोक नळावर भांडून राहिले आणि तुम्ही गाडीला प्यायचं पाणी पाजता. बरोबर आहे तिचं. मी कधी म्हटलं की चूक आहे? पण पाईपने धुतली असती तर दीडशे लिटर गेलं असतं, इथे आठ. हा हिशेब कोणी करत नाही.

अरे हो – तुम्ही पाणी घेता? ऊन केवढं आहे. थांबा, आणतो. हा घ्या ग्लास. नाही, ह्या जारचं नाही, आतल्या. ह्याच्यावर लिहिलंय की – लाल अक्षरात, ‘गाडीचे – पिऊ नये’, दोन्ही बाजूंनी, टोपणावरसुद्धा. हसलात. हसा. विद्यार्थीही हसायचे. प्रॅक्टिकलला माझा एकच नियम, आधी लेबल, मग द्रव. बिनलेबलच्या बाटलीला मी दोन मार्क कापायचो. एका पोट्टीचा पहिला नंबर गेला होता त्या दोन मार्कांत, ती रडली होती, आणि मी म्हटलं होतं, बेटा, आज मार्क गेले, उद्या कोणाचा जीव जाईल. फार मोठं वाक्य वाटलं होतं तेव्हा स्वतःचंच.

बाई बऱ्या आहेत ना तिकडे? नाही, बायकोला मी रोज फोन करतो, तसं नाही. पण तुम्ही तिला दवाखान्यात नेता-आणता, तुम्हाला जास्त दिसत असेल. नवा रायपूरला एकटीला बाहेर पडता येत नाही, बस तासाला एक, रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये – म्हणून तर गाडी पाठवून राहिलो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला कुठे चालवायची आहे? तिच्या कामी येईल. ती विसरते, शामराव. विसरायला लागली, म्हणून श्रावणीकडे ठेवली. तिला गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, डॉक्टरने सांगितलंय. बत्तीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी बाई, आणि आता श्रावणी तिला लसूण सोलायला देते. नुसता लसूण.

काय? कोणाचा वाढदिवस? तुमच्या मुलीचा – मोनालीचा – तो तिच्या लक्षात होता? आणि परीक्षेचं विचारलं? कोणता पेपर राहिला तेसुद्धा? हं. नाही, तसं असतं. ह्या आजारात तसं असतं, काही गोष्टी लख्ख आठवतात. मी वाचलंय सगळं. तुम्हाला वाटेल ही बाई ठणठणीत आहे, पण तसं नसतं. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ते लक्षण आहे. डॉक्टरने कागदावर लिहिलंय – तोच प्रश्न वारंवार विचारतात. तुम्हालाही विचारला असेल तिने. विचारला ना? जारचा? ‘त्या दिवशी तो जार भरलेला होता की रिकामा?’ हव. तोच.

सरका थोडे, हे मागचं दार करतो. ऊन यायच्या आत झालं पाहिजे, द्रावण पत्र्यावर वाळलं की डाग राहतो, मग कितीही घासा.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या ह्या गल्लीत जुनी घरं आहेत, नागपूरकर भोसल्यांच्या वेळेपासूनची मराठी घरं, बायका दरवर्षी येतात – सव्वीस जणी होत्या. तिळगूळ, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या, आणि चहा. बोअरच्या पाण्याचा चहा होत नाही, तवंग येतो, म्हणून चहाला जारचं पाणी. तर मोठ्या पातेल्यात चहा ठेवला, उकळला, आणि फेस आला – दुधाचा येतो तसा नाही, वेगळा. ती म्हणाली, दूध नवीन डेअरीचं आहे म्हणून असेल. अद्रक भरपूर, वेलची भरपूर. दिवाणखान्यात बायकांनी कप तोंडाला लावले. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, मला ऐकू येत होतं – ‘काय वो विजयाताई, मसाला कोणता टाकला? वेगळीच चव आहे!’ ‘नागपूरहून आणला का?’ ‘तब्येतीला चांगला असेल, कडू आहे म्हणजे!’ हसत होत्या. कोणी कप खाली ठेवला नाही. हळदीकुंकवाचा चहा कोणी टाकते का? यजमानीण समोर उभी. शर्मिष्ठाबाई तर म्हणाल्या, मला अजून अर्धा द्या. पंचाहत्तरीच्या बाई. मान राखायला घेतला त्यांनी दुसरा कप.

संध्याकाळी सात-आठ जणींना ओकाऱ्या. शर्मिष्ठाबाईंना रात्रभर सलाइन. जीवावर कोणाच्या आलं नाही, देवाची कृपा म्हणा, द्रावण पातळ होतं म्हणा – एकास दोनशे पन्नास, त्यात दूध, म्हणजे – नाही. म्हणजे भांड्याला साबण राहिला असेल तर तेवढंच प्रमाण, असं म्हणतोय मी. पातेलं विसळलं नव्हतं नीट. तेच ठरलं मग. मीच म्हटलं, ‘विजया, तू बहुतेक पातेलं विसळलं नव्हतंस.’ बहुतेक म्हटलं. मी नेहमीच बहुतेक म्हणतो, शास्त्राच्या माणसाने खात्रीने बोलू नये. ती म्हणाली, ‘विसळलं होतं.’ मग पुन्हा, ‘विसळलं होतं ना, अहो?’ माझ्याकडे बघत. संसाराच्या सत्तेचाळीस वर्षांत तिने मला हिशेब विचारला, पत्ता विचारला, स्पेलिंग विचारलं, पण स्वतःच्या हाताने केलेलं काम केलं की नाही, हे कधी विचारलं नव्हतं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, होतं असं वयामुळे.

गल्लीत बातमी व्हायला काय वेळ लागते. विजयाताई विसरू लागल्या. मग ती चष्मा विसरली, तर – बघा. दुधाला विरजण लावायचं राहिलं, तर – बघा. अहो, मी रोज चष्मा विसरतो! माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता, तो विनोद झाला. तिचा झाला की पुरावा. श्रावणी आली, डॉक्टरकडे नेलं, मेंदूचा फोटो काढला. वयोमानानुसार, असं आलं. वयोमानानुसार कोणाचं काय येत नाही? गोळ्या चालू झाल्या. गोळ्यांनी तिला दुपारभर झोप येते, आणि झोपेतून उठली की खरंच गोंधळते. आता खरंच गोंधळते, शामराव.

असे बघू नका माझ्याकडे. मी तुम्हाला काही सांगून नाही राहिलो, गाडीचं सांगतोय. द्रावण आधी करून ठेवलेलं चांगलं असते. म्हणून मी अख्खा जार तयार केला होता, वीस लिटर, ऐंशी मिली – आदल्या दिवशी. उन्हात ठेवायचं नसते. मग सावली कुठे? स्वयंपाकघराच्या दारामागे. तिथेच प्यायचे जार असतात. द्रावण निळसर असते, पण जारच निळा, त्यात काय दिसणार? लेबल लावणार होतो. खरंच लावणार होतो, कागद कापून ठेवला होता, डिंक सापडला नाही. मग आंघोळीला गेलो.

पाणी प्यायला आत गेलो तेव्हा दिसलं मला. जार पाव रिकामा झाला होता. बाहेर हसणं चालू होतं, कपबश्या वाजत होत्या. चार पावलं, शामराव – दिवाणखान्याचं दार चार पावलांवर. नुसतं ‘पिऊ नका’ म्हणायचं होतं. दोन शब्द. आणि मी तो जार उचलला – ह्या वयात, पंधरा लिटर – मागच्या मोरीत ओतला, धुतला, तीनदा विसळला आणि उपडा करून ठेवला. तीनदा, मोजून. मी विसळत होतो तेव्हाच शर्मिष्ठाबाईंचा आवाज आला, अजून अर्धा द्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. गल्लीतल्या निम्म्या घरांत माझा कोणी ना कोणी विद्यार्थी. दोन मार्क कापणारा मास्तर.

ती रात्री म्हणाली, ‘अहो, मी दारामागच्या जारातलं पाणी घेतलं होतं, त्यात तर काही नव्हतं ना?’ मी म्हटलं, ‘कोणता जार? तो तर रिकामा होता, विजया. सकाळपासून उपडा आहे.’ ती उठून बघून आली. उपडाच होता. कोरडा. येऊन पलंगावर बसली आणि हातांकडे बघत राहिली.

तेव्हापासून विचारते. भरलेला होता की रिकामा. तिला काहीही विसरायला झालेलं नाही हो – त्या घरात एकट्या तिलाच नीट आठवते, आणि त्याच आठवणीची तिला गोळी देऊन राहिले. मी रोज ठरवतो, आज सांगीन. फोन उचलतो, आणि विचारतो, गोळी घेतली का?

झालं. झाली गाडी. बघा, आरशासारखी – एक ठिपका नाही. मला वाटलं होतं एक जार डिकीत ठेवीन, लेबलवाला. ती बघेल, वाचेल, तिला समजेल, ती हुशार आहे. मघाशी ठेवलाही होता. मग काढून घेतला. रस्त्यात सांडला असता. नाही – सांडला नसता, टोपण पक्कं आहे. उगाच बोलतो मी.

तुमचा फोन वाजतोय. घ्या ना. कोण, श्रावणी? – बाई? बाईंचा आहे? मला द्या म्हणते? तोच प्रश्न असेल. नाही – थांबा – सांगा, गाडी निघते आहे, पाऊण तासात पोहोचेल. सांगा की सरांचे हात ओले आहेत. ओलेच आहेत, खोटं नाही ते. हं. बंद केलात? काय म्हणाली? नको, सांगू नका.

ही किल्ली. कागद पुढच्या खणात आहेत. तुम्ही मला असं का – तुम्ही पाणी प्यायला नाहीत. ते आतल्या जारचं होतं, शामराव, आईशपथ आतल्या जारचं होतं.

बरं. निघा आता, उशीर होऊन राहिला. ग्लास तिथेच ठेवा. मी विसळून घेईन.