नऊ तितर, तीन दोरे

संध्या : आणि मग तुम्ही कात्री घेतलीत.

पुंडलिक : व्हय म्याडम. पाहुणे येणार, कपाट चकाचक पाहिजे, असं मोठ्या साहेबांनी सांगितलं. पाखरांच्या पायाला मळकट चिठ्ठ्या लोंबत होत्या. कापल्या अन् नव्या बांधल्या. उस्मानपुऱ्यातून लॅमिनेशन करून आणल्या.

संध्या : वाचल्या ना. 'पक्षी क्र. १', 'पक्षी क्र. २'. काय अभ्यास आहे! या संग्रहालयात शास्त्रज्ञ म्हणून मला उगाच ठेवलंय.

पुंडलिक : नंबर बरोबर हायेत. नऊच भरतात.

संध्या : उपकार झाले. पुंडलिकराव, हे नऊही तितर आहेत, साठ वर्षांपूर्वीचे. यांच्या तळव्याची कातडी खरवडायची परवानगी मिळायला मला चार वर्षं लागली. सिल्लोड, कन्नड, चितेगाव, तिन्हीकडच्या तितरांची घराणी कधी वेगळी झाली ते जनुकांवरून काढायचं होतं. कोण कुठला, ते फक्त त्या चिठ्ठीवर होतं. रजिस्टर तर वाळवीनं केव्हाच वाचून संपवलं!

पुंडलिक : मंग पाखराच्या रक्तात गाव निघत नाय व्हय?

संध्या : निघतं की. आधार कार्डही निघतं.

पुंडलिक : चिठ्ठ्या फेकल्या नाय मी. ह्या बघा, बिस्किटाच्या डब्यात हायेत.

संध्या : सगळ्या एकत्र? वा! पत्ते पिसून ठेवलेत, आता वाटूया. हा मेमो घ्या, सही करा.

पुंडलिक : दोनच महिने ऱ्हायलेत रिटायर व्हायला.

संध्या : तेवढ्यात अजून काय काय कापायचा विचार आहे?

पुंडलिक : करतो सही. पण आधी त्यांचे पाय बघा. चिठ्ठी कापली, गाठ नाय कापली.

संध्या : का? कात्री दमली?

पुंडलिक : गाठी माझ्या बापानं मारल्यात. पुंजारामनं. पेंढा त्यानंच भरला होता ह्या पाखरांत. गाठीवर कात्री चालवायला हात धजला नाय.

(संध्या भिंग घेऊन वाकते.)

संध्या : याला लाल दोरा आहे. याला हिरवा.

पुंडलिक : बापाला वाचता येत नव्हतं. चिठ्ठी तवाचे साहेब लिहायचे, हा आपला गावागणिक दोऱ्याचा रंग ध्यानात धरायचा. सिल्लोड लाल, चितेगाव हिरवा, कन्नड पिवळा. माय गोधड्या शिवायची, तिच्याकडूनच दोरा न्यायचा.

संध्या : डबा इकडं द्या. चिठ्ठ्यांच्या भोकात दोऱ्याची तुटकी टोकं राहिलीत! सिल्लोड... लाल. सिल्लोड, लाल. चितेगाव, हिरवा. कन्नड... पिवळाच आहे हो!

पुंडलिक : मंग सही कुठं करू?

संध्या : गप बसा. फाडला मेमो. मला रडू येतंय, आणि तुम्हाला सही सुचतेय. संशोधन छापून येईल तेव्हा तुमच्या वडिलांचं नाव घालते त्यात.

पुंडलिक : छापलेलं त्याला कुठं वाचता येतंय, म्याडम? नव्या चिठ्ठ्या बांधाल, तवा तेवढा दोरा त्याच रंगाचा घ्या.