जेरोमला आणायला जपानला

...आणि वर विचारतात, फुजी बघितलास का. नाही बघितला. आमची बोट कोबे बंदराला लागली आणि तिथूनच मागं फिरली, फुजी त्या अंगाला नाहीच. आणि तुम्हाला सांगतो, तो समोर येऊन उभा राहिला असता ना, तरी मी म्हटलं असतं, बाबा, जरा बाजूला सरक, मला मागचं दिसत नाही. कारण मी काय डोंगर बघायला गेलेलो? मी गेलेलो जेरोमला आणायला.

जेरोम म्हणजे आमचा दादूस, माझा थोरला भाऊ. मालाच्या बोटीवर भटारखान्यात स्वयंपाकी होता, दर वर्षी कोबेला जायचा. गेल्या खेपेला वाटेतच ताप भरला, छातीत पाणी झालं, त्याला कोबेला उतरवला, बोट पुढं गेली आणि दादूस तिथंच गेला. तार आली, की वारला, सगळं व्यवस्थित केलं आहे. आता व्यवस्थित म्हणजे काय हो? आम्ही कोलशेतचे ख्रिस्ती, आमच्यात व्यवस्थित म्हणजे पेटी, पाद्री आणि माती. आय म्हणाली, ‘डॉमनिक, त्याला घेऊन ये. बापाच्या शेजारी जागा हाय.’ मी म्हटलं, आणतो. कसा आणणार, हा विचार शिकलेली माणसं करतात. मी तिसरीत शाळा सोडलेली.

काळुराम सारंग, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, आमच्याच गावचा. त्यानं मला बटाटे सोलायला बोटीवर चढवला, आणि मी चढलो तो पेटी घेऊन. म्हणजे पेटीची फळकुटं. कल्याणच्या वखारीतून साग आणला, दादूस सहा फूट, म्हणून वर थोडी जास्त ठेवून कापून घेतली, तिकडं जाऊन ठोकायची असा बेत. काळुराम बघतच राहिला. ‘काय रं, पलंग घेऊन कुठं चाललास?’ मी सांगितलं. त्यानं एक फळकूट उचलून बघितलं आणि म्हणाला, ‘भटारखान्यात ठेव. पण त्याच्यावर कांदे कापू नको.’

तर कोबे. दादूस तिथं मोरिताबाई म्हणून एका म्हातारीकडं उतरायचा, ती खलाशांना खोली द्यायची, आजारातही तिच्याकडंच होता. तिनं दार उघडलं, मला बघितलं, आणि माझं तोंड दादूससारखंच, फक्त उंची त्याच्याकडंच राहिली, तर बाई कंबरेत वाकली. म्हणून मी वाकलो. म्हणून ती परत वाकली. आता आधी कुणी थांबायचं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, मी वाकतोय, ती वाकतेय, शेवटी चौकटीवर डोकं आपटलं तेव्हा मी थांबलो. आत पाऊल टाकतो तर बूट काढा. काढले. या सपाता घाला. घातल्या. चटईवर गेलो तर सपाता काढा. संडासात गेलो तर तिथं निराळ्या सपाता, त्या घालून बाहेर आलो तर बाईनं तोंडावर हातच ठेवला. अहो, आमच्याकडं चपलांचा एक जोड, तोही रविवारी मिस्साला. आणि मी काय सपाता बदलायला गेलेलो?

मी विचारलं, ‘जेरोम?’ बाई म्हणाली, ‘जेव.’

जेव. आयेच्या तोंडचं, आमच्या चुलीपुढचं जेव, ते त्या बाईच्या तोंडात. दादूसनं शिकवलेलं. आपले तीनच शब्द तिला येत, जेव, बस आणि चल. म्हणून मी बसलो, जेवायला घेतलं, तर हातात दोन काड्या. काडीनं भात! मासा कच्चा, तो निदान चिकटतो, पण भाताचं शीत म्हणून तोंडापर्यंत येईना. बाई हसली नाही. नुसती बघत बसली, जणू मी जेवलो की तिचं पोट भरणार होतं. आता अशा बाईला कसं विचारायचं, की माझा भाऊ कुठं पुरलात?

पुढं म्हणे चल. म्हटलं, आता नेते दफनभूमीत. तर नेलं न्हाणीघरात. त्या आळीचं एकच न्हाणीघर, गरम पाण्याचा हौद, त्यात पंधरावीस म्हातारे नागडे, आणि मी आत शिरलो तसे सगळे वाकले. नागडा माणूस वाकला की समोरच्यानं कुठं बघायचं, हे मला अजून कळलेलं नाही. मी गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि डोळे मिटून बसलो. दुसऱ्या दिवशी चल, तर डोंगरावर धबधबा. पाणी छान, झाडं सगळी तांबडी-पिवळी, खाली बंदर, त्यात आमची बोट काड्यापेटीएवढी. बाई एका दगडावर हात ठेवून म्हणते, ‘बस.’ बसलो. मग आगगाडीत घालून क्योटो म्हणून दुसऱ्या शहरात. तिथं देवळं किती, मोजून माणूस म्हातारा होईल, आणि एका देवळात नुसती वाळू, फणीनं विंचरल्यासारखी, आणि लोक तिच्याकडं बघत गप्प बसलेले. मी म्हटलं, आमच्या खाडीच्या मिठागरात असंच ओढतात, पण शेवटी मीठ तरी निघतं. इथं काय निघणार? माझं डोकं फिरलं होतं, सांगतो ना. बोट सुटायला आली, आणि ही म्हातारी मला जपान दाखवतेय, आणि मी गेलेलो जेरोमला आणायला.

शेवटच्या दिवशी मी काळुरामला धरलं. त्याला बंदरातलं मोडकंतोडकं जपानी येतं. फळकुटं दोघांनी खांद्यावर घेतली आणि बाईला म्हटलं, आता चल. रस्त्यानं पुढं म्हातारी, मागं आम्ही, खांद्यावर साग, आणि दुकानातली माणसं बाहेर येऊन वाकतात. फळकुटं खांद्यावर असताना वाकता येत नाही, म्हणजे आम्हीच उद्धट.

बाई एका लहानशा देवळात घेऊन गेली. आत फळीवर दादूसचा फोटो, पुढं भाताची वाटी, वाफ निघतेय अजून. आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक मडकं. एवढंसं. दोन ओंजळींत मावेल एवढं. मी काळुरामला विचारलं, ‘ह्यात काय?’ काळुराम फळकुटं खाली ठेवायला लागला. सावकाश. एकेक.

जाळला होता हो. आमच्या दादूसला जाळला होता.

मी ओरडणार होतो. काळुरामनं दंड धरला, बाई काय सांगतेय ते ऐकलं. म्हणाला, ‘गप. तिचा पोर लढाईत मेला, त्याची हाडं म्हणून खोकं आलं, आत नुसता धोंडा. जेरोमचं तिनं सगळं आपल्या हातानं केलंय. आनी तो धबधबा, ती वाळू, सगळ्या त्याच्या बसायच्या जागा. तुला दावत होती.’

मग बाईनं कागदाची पुडी सोडली. आत हाडाचा एक तुकडा, घरच्या माणसासाठी मागं ठेवलेला. त्यांच्यात दोघांनी मिळून काड्यांनी उचलायचं आणि मडक्यात सोडायचं. मला काड्या दिल्या. मी उचललं, तर निसटलं आणि चटईवर पडलं. ज्या काडीत इतक्या दिवसांत शीत राहिलं नाही, तिच्यात भाऊ राहणार होय? मी सरळ हातानं उचलला. पुजारी दचकला, काहीतरी बोलायला गेला. बाईनं आपल्या काड्या खाली ठेवल्या आणि माझ्या हाताखाली हात धरला. तसाच सोडला दोघांनी.

फळकुटं पुजाऱ्याला दिली. तो वाकला. मीही वाकलो.

परतीला मडकं मांडीवर घेऊन बटाटे सोलले. कोलशेतला आय दारातच उभी. माझ्या मागं बघत होती, गाडीबिडी येतेय का. मी मडकं पुढं केलं.

‘हे काय?’

‘दादूस.’

तिनं हातात घेतलं, बाजारात भोपळा बघतात तसं वजन बघितलं आणि मला परत दिलं. ‘डॉमनिक, आपल्यात जाळतात का?’

‘नाही.’

‘मग हा आपला कसा?’

पाद्रीबाबा आले, समजूत घातली, की जेरोमनं काही सांगितलं नव्हतं जाळा म्हणून, देव समजून घेतो, बापाच्या शेजारीच ठेवू. आय म्हणाली, ‘फादर, कुणाच्या परक्या पोराला माझ्या नवऱ्याशेजारी झोपवू नका. त्याची आय वाट बघत असंल.’ पाद्रीबाबा उठून गेले. आम्ही दोघंच जेवायला बसलो, तर तिनं पानं वाढली तीन.

मडकं माझ्या उशाशी आहे. आणि आय गावभर सांगते, डॉमनिक जपान फिरून आला, भाऊ तेवढा सापडला नाही. सोमवारी बोट परत सुटतेय. आय स्वतः काळुरामच्या घरी जाऊन माझं नाव सांगून आली, आणि आयेपुढं नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. मी म्हटलं, ‘आये, तिकडं आता काय हाय गं?’ तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘जा बाबा. आनी या खेपेला धबधबे बघत बसू नको.’

मी बरं म्हटलं.